टर्बो बसवा, पण धूर मोजून



बाराशे सीसीची पेट्रोल गाडी, आत पाच माणसं, एसी चालू आणि समोर खंबाटकीचा घाट. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही उठत नाही. हे अनुभवलेला तरुण गॅरेजमध्ये जाऊन टर्बो बसवायला किती खर्च येईल म्हणून विचारतो, तेव्हा त्याला वेगाचं खूळ लागलंय असं मी म्हणणार नाही. त्याची इच्छा रास्त आहे. मात्र टर्बो बसल्यावर मागच्या नळीतून काय बाहेर पडणार, हे तिथे कुणी विचारत नाही. आज त्याविषयी बोलायचं आहे.

टर्बोची कल्पना जुनी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चक्र मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्यांनी फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा आली की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि ताकद वाढते. कारखान्यातून टर्बो लावून आलेल्या कितीतरी पेट्रोल गाड्या आज बीएस-6 या प्रदूषण निकषांची परीक्षा पास होऊन रस्त्यावर धावतात. म्हणजे टर्बो आणि स्वच्छ धूर यांचं मुळात वैर नाही. वैर निर्माण होतं ते नंतर बसवताना.

कसं ते पाहू. पेट्रोल गाडीचा धूर स्वच्छ राहतो तो मुख्यतः कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिघांचाही तो एकाच वेळी बंदोबस्त करतो, पण त्यासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे 14.7 किलो हवा हे प्रमाण फार काटेकोर राहावं लागतं. टर्बोनं दाबलेली हवा तापते. सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकायला लागतं. मेकॅनिक म्हणतात, इंजिन ठोकतंय. दाबलेली हवा थंड करणारा चांगला इंटरकूलर, बेतानं ठेवलेला दाब आणि ठिणगीची नीट जुळवलेली वेळ हा त्यावरचा खरा उपाय. सोपा उपाय म्हणजे ईसीयूचा, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा, प्रोग्रॅम बदलून पेट्रोल जादा सोडणं. त्यानं आतलं तापमान उतरतं, पिस्टन वाचतो, पण धुरात ऑक्सिजन उरत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड कन्व्हर्टरमधून जसाच्या तसा बाहेर पडतो.

दुसरी अडचण थंड इंजिनाची. अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय कन्व्हर्टर कामालाच लागत नाही, त्यामुळे प्रदूषणाचा मोठा वाटा गाडी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन मिनिटांतला असतो. वाटेत टर्बोचं जड धातूचं घर आलं की ती उष्णता आधी तेच पिऊन टाकतं. म्हणून कंपनीचे इंजिनिअर कन्व्हर्टर टर्बोला अगदी चिकटून बसवतात आणि सुरुवातीला ठिणगी मुद्दाम उशिरा टाकतात. गॅरेजमध्ये जागा पुरत नाही म्हणून कन्व्हर्टर हातभर मागे सरकतो. कुठे कुठे तर तो काढूनच टाकतात, आणि चेक इंजिनचा दिवा लागू नये म्हणून मागच्या ऑक्सिजन सेन्सरची तक्रार प्रोग्रॅममधून बंद करतात. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. गाडी स्वतःहून आपलं दुखणं सांगत असते आणि आपण पैसे देऊन तिला गप्प करतो.

बारीकसारीक नळ्याही विसरू नका. पेट्रोलच्या टाकीतली वाफ कॅनिस्टरमध्ये साठते आणि इंजिनाच्या ओढीनं आत जाऊन जळते. टर्बो दाब देऊ लागला की ती ओढ उलटी होते, म्हणून तिथे एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह लागतो. क्रँककेसमधल्या वायूंच्या नळीचंही तसंच. ती सरळ हवेत सोडून देणं म्हणजे न जळलेलं इंधन आणि तेलाची वाफ शेजाऱ्याच्या नाकात सोडणं.

आता कुणी म्हणेल, माझ्याकडे पीयूसी, म्हणजे प्रदूषण तपासणीचं प्रमाणपत्र, आहे. बीएस-4 आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी उभ्या गाडीवर होते, एकदा मंद गतीवर आणि एकदा अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास. त्या वेळी इंजिनावर भार नसतो, त्यामुळे टर्बो जेमतेम जागा असतो. घाटात पाय दाबल्यावर बाहेर पडणारा धूर त्या यंत्राला दिसतच नाही, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तर त्यात मोजलीच जात नाहीत. तेव्हा पीयूसी मिळाली म्हणजे टर्बो स्वच्छ आहे, असं समजू नका.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की निर्मात्यानं ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झालाच तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळतं.

कॅलिफोर्नियातही असा फेरफार मुळात निषिद्धच आहे, पण तिथे एक दार उघडं ठेवलंय. टर्बो किट बनवणाऱ्यानं ते गाडीवर लावून, थंड इंजिनापासून चाचणी देऊन, प्रदूषण वाढत नाही हे तिथल्या हवा मंडळाला दाखवायचं. ते पटलं की मंडळ त्या किटला क्रमांक देतं. कोणत्या गाड्यांना, कोणत्या वर्षांच्या, हेही त्यात लिहिलेलं असतं. बॉनेट उघडल्यावर तपासनीस तो क्रमांक बघतो, आणि जुलै 2021 पासून ईसीयूचा प्रोग्रॅम बदललाय का हेही तपासतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. सीएनजी किटच्या बाबतीत आपण नेमकं हेच करतो. मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेलं किट, अधिकृत फिटर आणि आरसीवर नोंद. 2022 मध्ये बीएस-6 पेट्रोल गाड्यांनाही ही सोय मिळाली. त्या मान्यतेची मुदत तीन वर्षांची असते, मग नव्यानं घ्यावी लागते. मग टर्बो किटला अशी वाट का नसावी? पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनांची चाचणी घेणारी, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे, धूर मोजायची यंत्रं आणि माणसं तिथे आहेत. किट बनवणाऱ्यानं खर्च करावा, परीक्षा द्यावी, जबाबदारी घ्यावी. नुसत्या बंदीनं हे काम थांबत नाही, ते मागच्या गल्लीत जातं आणि तिथे कन्व्हर्टर भंगारात निघतो.

ही वाट निघेपर्यंत गाडीला बाहेरून टर्बो बसवू नका. ताकद हवीच असेल तर कारखान्यातून टर्बो घेऊन आलेली गाडी घ्या. जुनी गाडी दमत असेल तर आधी एअर फिल्टर, प्लग, इंजेक्टर आणि क्लच तपासून घ्या. पुष्कळदा हरवलेली ताकद तिथेच सापडते. आणि ज्यांनी टर्बो बसवून घेतलाच आहे, त्यांनी गॅरेजकडून आपला मूळ कन्व्हर्टर आणि ईसीयूचा मूळ प्रोग्रॅम मागून घ्यावा, आणि या महिन्यातच गाडी पूर्ववत करून घ्यावी.