मूळ लिनक्स आणि खिशातील अँड्रॉइड
(शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपणांपैकी बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडवर चालणारा फोन आहे. विद्यार्थ्यांची हजेरी, पंचायतीच्या नोंदी, पिकांची पाहणी अशी अनेक कामे आज त्यावरच होतात. या फोनच्या मुळाशी लिनक्स आहे, ही गोष्ट मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

१९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहावयास घेतला. त्याची संहिता सर्वांस खुली आहे. ती कोणीही घ्यावी, बदलावी. मात्र बदललेली प्रत इतरांस दिल्यास तिची संहिताही खुली ठेवावी, अशी अट आहे.

गूगलने २००५ साली अँड्रॉइड ही छोटी कंपनी विकत घेतली आणि २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला. फोनच्या गरजा निराळ्या होत्या. लिनक्समध्ये प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र क्रमांक असतो. अँड्रॉइडने तसा क्रमांक प्रत्येक ॲपला दिला. त्यामुळे एका ॲपला दुसऱ्याची खाजगी माहिती परस्पर वाचता येत नाही. यासाठी गाभ्याला हात लावावा लागला नाही. जुनीच सोय नव्या कामी आली.

बॅटरीचा प्रश्न मात्र असा सुटला नाही. काम नसताच फोनने झोपी जावे आणि जागे राहण्याची गरज असलेल्या प्रोग्रॅमने तशी मागणी करावी, यासाठी ‘वेकलॉक’ ही व्यवस्था गाभ्यातच घालण्यात आली. मूळ प्रकल्पातील जाणकारांना तिची रचना मान्य झाली नाही. २०१० मध्ये तर अँड्रॉइडचे जे भाग मूळ लिनक्समध्ये आले होते, तेही देखभालीअभावी वगळण्यात आले. पुढे २०१२ मध्ये त्यांपैकी बरेच परत आले आणि वेकलॉकच्या गरजेसाठी सर्वमान्य अशी पर्यायी रचनाही त्याच वर्षी स्वीकारली गेली.

या दुराव्याची किंमत कोणी दिली? सामान्य ग्राहकाने. गाभ्यात दोष सापडला, तर मूळ लिनक्समध्ये दुरुस्ती होते. परंतु ती गूगल, चिप बनविणारा कारखानदार आणि फोन बनविणारी कंपनी, अशा प्रत्येकाने आपापल्या प्रतीत बसवावी लागते. जितके बदल अधिक, तितके हे काम अवघड. म्हणूनच सुस्थितीतील फोनही काही वर्षांनी दुरुस्तीविना राहतात आणि त्यांतील माहिती धोक्यात येते.

यावर उपायही योजला गेला आहे. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून, ५.१० अथवा त्यानंतरच्या कर्नलसह येणाऱ्या नव्या फोनांसाठी गूगलने एकच सामाईक गाभा ठरविला. चिपचे खास भाग त्याबाहेर, स्वतंत्र मॉड्यूलमध्ये ठेवावयाचे. नवा बदलही शक्यतो प्रथम मूळ लिनक्सकडे पाठवावा, असे धोरण आहे.

यास्तव माझी आपणांस विनंती आहे. कामासाठी फोन घेताना केवळ किंमत पाहू नये. सुरक्षा दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे अवश्य विचारावे. हाती असलेल्या फोनच्या सेटिंग्जमध्ये शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख पाहावी. तसेच, उद्या आपल्या कार्यालयासाठी किंवा शाळेसाठी मुक्त प्रणालीत कोणी खास बदल सुचविले, तर त्यांची देखभाल पुढे कोण करणार, हे प्रथम ठरवून घ्यावे. मूळ प्रकल्प रोज पुढे जात असतो. त्याच्याशी नाते राखले, तरच त्याची दुरुस्ती आपल्यापर्यंत वेळेवर पोहोचेल.