घराची घडण आणि मुलाचें दुखणें

घरांतील एखादें मूल शाळेला जाईनासें झालें, अन्नावर रुसलें किंवा वरचेवर आजारी पडूं लागलें, कीं आपण औषध शोधतों तें त्या मुलासाठीं. दोष त्याच्या देहांत तरी असावा, नाहींतर स्वभावांत तरी, अशी आपली ठाम समजूत. साल्वादोर मिनुचिन या मानसवैद्यानें या समजुतीवरच बोट ठेविलें. १९२१ सालीं अर्जेंटिनांत जन्मलेल्या या गृहस्थानें न्यूयॉर्ककडील विल्टविक शाळेंत दरिद्री वस्त्यांतून आलेल्या, वाट चुकलेल्या मुलांवर काम केलें, १९६५ पासून फिलाडेल्फियाचें बालमार्गदर्शन केंद्र चालविलें, आणि १९७४ सालीं आपली पद्धति ग्रंथरूपानें मांडली. एकट्या मुलाला नव्हे, तर त्याच्या घराची घडण तपासा, हें तिचें सार.

घराला भिंती असतात, तशा कुटुंबालाही असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहींत इतकेंच. पतिपत्नींचें एक दालन, पालक या नात्यानें त्यांचेंच दुसरें, भावंडांचें तिसरें. भिंत मुळींच नसेल तर एकाचें डोकें दुखलें कीं सारें घर कपाळाला सुंठ लावून बसतें. ती फार जाड असेल तर पलीकडची हांक ऐकूं येत नाहीं. चांगल्या भिंतीला दार असतें.

मावळांत तळेगाव दाभाड्याजवळ आंबी हें गांव आहे. भाताच्या खाचरांच्या या मुलखांत औद्योगिक वसाहत आली आणि कित्येक घरांचा दिवस कारखान्याच्या पाळ्यांवर चालूं लागला. तेथील एक घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. बाप रात्रपाळीला, घरांत आई, आजी आणि बारा वर्षांची मुलगी. मुलीचें पोट दुखतें. तपासण्यांत कांहीं निघत नाहीं. आई म्हणते, शाळेंत जा, आजी म्हणते, “राहूं दे गं आजचा दिवस, पोर सुकली आहे.” बाप झोपेंतून उठून आपल्या आईच्या बाजूनें कौल देतो. जमिनीच्या आलेल्या पैशांवरून नवराबायकोंत शब्दाला शब्द लागला, कीं नेमकी कळ येते. दोघेंही मुलीकडे धांवतात आणि भांडण तेथेंच थांबतें. ही पोर सोंग करीत नाहीं. कळ खरी असते. पण त्या कळीवर घराची शांतता उभी आहे.

अशा घरीं चिकित्सक प्रथम पाहुण्यासारखा मिसळतो; वडीलधारी म्हणून आजीशीं आधीं बोलतो. मग तो भांडणाची हकीकत विचारीत नाहीं, तें आपल्यादेखत घडवितो : “उद्यां मुलीला शाळेंत कसें पाठवावयाचें, तें तुम्ही दोघांनीं येथेंच ठरवा.” आजी मध्यें बोलते. तो तिची खुर्ची आपल्याशेजारीं ओढून घेतो : “आजी, तुम्हीं एवढा संसार निभावलात. आतां यांना जमतें का, आपण पाहूं.” मान राहिला आणि भिंतही उभी राहिली! मुलगी पोट धरते, तेव्हां तो आईबापांना बोलणें पुरें करावयास सांगतो. कधीं तो मुद्दाम एकाच बाजूस झुकतो. येथें बहुधा सुनेच्या, कारण तिचें ऐकणारें घरांत कोणी नाहीं. मला हें कृत्य सर्वांत धोक्याचें वाटतें. तोल साधला नाहीं तर पाहुणाच नवा पक्ष होऊन बसतो.

मग हें शास्त्र आजीला उंबऱ्याबाहेर घालविणारें आहे काय? मुळींच नाहीं. घरांत माणसें किती व कोण, याहून जबाबदारी कोणाची हें स्पष्ट असणें मिनुचिननें महत्त्वाचें मानिलें. आजीनें नातीला कुशींत घेऊन निजावें; आईनें दिलेला हुकूम मात्र तिनें मागील दारानें मोडूं नये.

१९७८ सालच्या ग्रंथांत त्यानें व सहकाऱ्यांनीं मधुमेही मुलांवरील एक प्रयोग दिला आहे. आईबाप भांडत असतां कांहीं मुलांच्या रक्तांतील, ताण दर्शविणारीं स्निग्धाम्लें वाढलीं, आणि मुलें मध्यें येतांच पालकांचीं उतरूं लागलीं, मुलांचीं मात्र चढलेलींच राहिलीं. या अनुमानांवर पुढें पुष्कळ टीका झाली, आणि आईलाच बोल लागतो असा आक्षेप स्त्रीवाद्यांनींही घेतला. तो अगदींच निराधार नाहीं.

आपल्याकडे मुंबईस सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयानें १९३७ सालींच बालमार्गदर्शनाचें काम हातीं घेतलें होतें. तेव्हां आईबापांना बोलावून घेणें आपल्याला अगदीं परकें नाहीं. मात्र जेथें मारहाण होते, तेथें सर्वांना एकत्र बसवूं नये. तेथें सत्य बोललेल्या बाईला रात्रीं त्याच घरीं परतावयाचें असतें. आणि पोटदुखीचें शारीरिक कारण डॉक्टरांकडून आधीं तपासून घ्यावें, खुर्च्या मग हलवाव्या.