पोत्यांसाठी घडवंची : पहिले सुतारकाम



धान्याची पोती जमिनीवर रचली की पावसाळ्यात ओल खालच्या पोत्यात चढते, दाण्याला बुरशी येते. म्हणून पोती घडवंचीवर ठेवावीत. ती आपल्या हातांनी करता येते. करवत, पटाशी, हातोडा, गुण्या आणि गिरमिट एवढी हत्यारे पुरेत.

लाकूड मात्र वाळलेलेच घ्या. माझी पहिली घडवंची ओल्या बाभळीची होती. उन्हाळ्यात लाकूड आटले, सांधे खिळखिळे झाले आणि भरली पोती कलंडली. इंचभर जाडीची फळी सावलीत वाळायला सुमारे वर्ष लागते. जाड लाकडाला त्याहून जास्त. बाभळीचा आतला गाभा वापरा. बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला कीड लवकर लागते.

चार पोत्यांसाठी 4 फूट लांब, अडीच फूट रुंद घडवंची पुरते. त्यासाठी माप असे :

पाय 4 – 3×3 इंच, उंची 9 इंच.
लांब आडवी लाकडे 2 – 3×2 इंच, लांबी 44 इंच.
आखूड आडवी लाकडे 2 – 3×2 इंच, लांबी 26 इंच.
वरच्या पट्ट्या 10 – 1 इंच जाड, 4 इंच रुंद, लांबी 30 इंच.

आधी पायांना भोके पाडा, मग त्यांच्या मापाने कुसू काढा. कुसू पाऊण इंच जाड, 2 इंच रुंद, 1 इंच लांब ठेवा. पायाच्या माथ्यापासून इंचभर जागा सोडूनच भोक घ्या, नाहीतर पाय चिरतो. पटाशी चालवताना दुसरा हात धारेपुढे कधीही ठेवू नका. कुसू हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसावे. सैल झाले तर दुसरे लाकूड घ्या, कागद-चिंध्या कोंबू नका.

चौकट जुळली की सुतळीने दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. मगच सांध्यांत भोक पाडून सुक्या लाकडाच्या मेखा ठोका. पट्ट्यांत बोटभर फट ठेवा म्हणजे वारा खेळेल. खिळ्यासाठीही आधी बारीक भोक पाडा. बाभूळ कडक असते, सरळ ठोकल्यास फाटते.

घडवंची भिंतीपासून हातभर दूर ठेवा आणि महिन्यातून एकदा खाली वाकून वाळवी पाहा.

पहिल्या कामाला दोन-चार दिवस जास्त लागले तरी चालतील. घाई केली तर वर्षाचे धान्य धोक्यात येते.