विरजणापासून इन्शुलिनपर्यंत : जिवाणूंचे सामर्थ्य आणि माणसाची शिस्त



‘जंतू’ हा शब्द उच्चारला की मनात प्रथम रोग उभा राहतो. पटकी, क्षय, धनुर्वात, विषमज्वर ही नावे समाजाच्या स्मृतीत इतकी खोल रुजली आहेत, की जिवाणू म्हणजे शत्रू असे समीकरणच होऊन बसले आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. ज्ञात जिवाणूंपैकी माणसाला रोग देणारे फार थोडे. बाकीचे मातीत, पाण्यात, वनस्पतींच्या मुळांत आणि प्राण्यांच्या आतड्यांत आपापले काम करीत असतात. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज २०१६ साली प्रसिद्ध झाला. शरीराच्या स्वतःच्या पेशींची संख्याही साधारण तेवढीच भरते.

या अदृश्य सृष्टीचे दर्शन माणसाला प्रथम घडले ते १६७६ साली, हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी. अंतोनी फान लेवेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून जिवाणू पाहिले. परंतु पाहण्यापूर्वीही माणूस त्यांच्याकडून काम करून घेत होताच. आपल्या घरात रोज रात्री लागणारे विरजण हे त्याचे उत्तम उदाहरण होय. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेचे आम्लात रूपांतर करतात. त्या आम्लामुळे दुधातील प्रथिने घट्ट होतात आणि इतर पुष्कळशा जंतूंना तेथे वाढणे अवघड जाते. दूध फार कढत असेल तर विरजणाचे जिवाणू मरतात, गार असेल तर ते मंदावतात. दूध कोमट हवे, भांडे स्वच्छ हवे, विरजण ताजे हवे. योग्य वाण, योग्य अन्न, योग्य तापमान आणि निर्मळपणा हे चार नियम आमच्या आज्या-पणज्यांनी अनुभवाने सिद्ध केले होते. आधुनिक जैवतंत्रज्ञानाचा प्रचंड डोलारा आजही याच चार नियमांवर उभा आहे.

एकपेशीय कारखाना

जिवाणू म्हणजे एकच पेशी. तिला बाहेरून भित्तिका असते, पण आत आपल्या पेशींप्रमाणे वेगळे केंद्रक नसते. आनुवंशिक माहिती साठवणारा डीएनएचा धागा बहुधा वर्तुळाकार असतो आणि तो पेशीद्रवातच असतो. माणसाच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा सर्वाधिक अभ्यासला गेलेला जिवाणू. एका मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतील दोन भागांएवढी त्याची लांबी. त्याच्या एका प्रयोगशाळेतील वाणाचा संपूर्ण आनुवंशिक आराखडा १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४,३०० जनुके आढळली.

एवढासा हा जीव, परंतु त्याचे दोन गुणधर्म विलक्षण आहेत. पहिला गुणधर्म वाढीचा वेग. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय दर वीस मिनिटांनी दुभंगून एकाचा दोन होतो. हा वेग दहा तास टिकला तर तीस पिढ्या होतात आणि एका पेशीपासून १०७ कोटी पेशी निर्माण होतात. दुसरा गुणधर्म देवाणघेवाणीचा. मुख्य धाग्याखेरीज अनेक जिवाणूंत डीएनएची लहान लहान कडी असतात. त्यांना प्लास्मिड म्हणतात. ही कडी एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, पुष्कळदा परक्या जातीच्या जिवाणूलादेखील. जिवाणूंपासून होणारा लाभ आणि त्यांच्यापासून उद्भवणारा धोका, दोन्ही या गुणधर्मांतून निर्माण होतात.

परळचा धडा

जिवाणूंची हेतुपुरस्सर शेती करून लक्षावधी लोकांसाठी औषध तयार करण्याचा एक मोठा प्रयोग आपल्या मुंबईतच झाला. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले. ओडेसा येथे जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधील प्रयोगशाळेत काम सुरू केले. प्लेगचे जिवाणू वाढविण्यासाठी त्यांनी पोषक रसावर थोडे तूप सोडले. तरंगत्या तुपाच्या थेंबांखाली जिवाणूंची वाढ झुंबरासारखी लोंबू लागे. बाटली हलविली की ती तळाशी बसे आणि वर नवी वाढ सुरू होई. असे पुरेसे पीक आल्यावर उष्णतेने जिवाणू मारून त्यांची लस केली जाई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला आली आणि १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले.

या यशाला एक वेदनादायी प्रकरण जोडलेले आहे. १९०२ साली पंजाबातील मलकोवाल या गावी ही लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. ठपका हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. पुढे पुराव्यांतून निष्पन्न झाले, की ते सर्व जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते आणि बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडल्यानंतर नीट निर्जंतुक केलेला नव्हता. १९०७ साली हाफकिन दोषमुक्त ठरले. वर्षानुवर्षांची विद्या एका क्षणाच्या निष्काळजीपणाने कलंकित झाली. जिवाणूंशी व्यवहार करताना ज्ञानाइतकीच शिस्त मोलाची असते, हा त्या प्रकरणाचा बोध आहे.

जिवाणूने घडविलेले मानवी इन्शुलिन

१९२२ पासून मधुमेहींना इन्शुलिन मिळू लागले. ते कत्तलखान्यातील गुरे आणि डुकरे यांच्या स्वादुपिंडांतून काढले जाई. डुकराचे इन्शुलिन मानवी इन्शुलिनहून एका घटकाने आणि गाईचे तीन घटकांनी वेगळे असते. त्यामुळे काही रुग्णांना त्याची ॲलर्जी होई. शिवाय रुग्णांची संख्या वाढत गेली तर एवढी स्वादुपिंडे कोठून आणायची, हा प्रश्न होताच.

उत्तर जिवाणूने दिले. जनुकांची लिपी जवळजवळ सर्व सजीवांत एकच आहे. म्हणून मानवी जनुकातील आज्ञा जिवाणूलाही वाचता येते. १९७३ साली अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी विशिष्ट विकरांच्या साहाय्याने प्लास्मिड कापून त्यात दुसरा डीएनए जोडण्याची आणि ते ई. कोलायमध्ये घालण्याची पद्धत सिद्ध केली. १९७८ साली जेनेनटेक कंपनी आणि सिटी ऑफ होप या संस्थेच्या संशोधकांनी इन्शुलिनच्या दोन साखळ्यांसाठी लागणारी जनुके रासायनिक रीतीने घडवून ई. कोलायमध्ये घातली. तयार झालेल्या साखळ्या शुद्ध करून एकमेकींशी जोडल्या. १९८२ साली हे इन्शुलिन अमेरिकेत औषध म्हणून मान्य झाले. आज मानवी इन्शुलिन जिवाणूंप्रमाणे यीस्टमध्येही तयार केले जाते. पोलादी टाक्यांत, ठरावीक तापमानात, परक्या जंतूचा शिरकाव होऊ न देता चालणारे हे काम पाहिले, की विरजणाचे चार नियम पुन्हा आठवतात.

शेतातील सहकारी

शेतकऱ्याला तर जिवाणू अधिकच जवळचा. हरभरा, तूर, सोयाबीन यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम आणि त्याच्या गोतातील जिवाणू राहतात. ते हवेतील नत्राचे पिकाला घेता येईल अशा रूपात रूपांतर करतात आणि मोबदल्यात वनस्पतीकडून अन्न घेतात. गाठ कापून पाहिली आणि आतून गुलाबी दिसली, तर जिवाणू कामाला लागले आहेत असे समजावे. पेरणीपूर्वी बियाण्याला चोळले जाणारे जिवाणू खत म्हणजे याच मैत्रीचा शास्त्रशुद्ध उपयोग. मात्र प्रत्येक पिकासाठी योग्य वाणच वापरावा लागतो आणि पाकीट उन्हात ठेवून चालत नाही.

बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूची कहाणी अधिक गंभीर आहे. त्याचे एक प्रथिन बोंडअळीला मारक असते. त्या प्रथिनाचे जनुक कपाशीत घालून तयार झालेल्या बीटी कपाशीला २००२ साली भारतात मान्यता मिळाली. शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, असा नियम होता. त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा प्रतिकारक पतंगांशी संकर व्हावा आणि प्रतिकारशक्तीचा प्रसार लांबावा, हा त्यामागील हेतू. व्यवहारात या ओळी फारशा कोणी लावल्याच नाहीत. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भ आणि मराठवाड्यातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. या आपत्तीला इतरही कारणे होती, पण मोडलेला नियम हे त्यांतील एक ठळक कारण होय.

घरोघरी पाळायचा नियम

हाच प्रश्न आता प्रत्येक घराच्या औषधाच्या डब्यापर्यंत आला आहे. प्रतिजैविकांचा मारा झाला की दुर्बळ जिवाणू मरतात, प्रतिकारक्षम तेवढे उरतात आणि वेगाने वाढतात. शिवाय प्रतिकाराचे जनुक प्लास्मिडवर असेल, तर ते शेजारच्या जिवाणूलाही मिळते. ज्या कड्यावर शास्त्रज्ञांनी इन्शुलिनची आज्ञा लिहिली, तसल्याच कड्यावर निसर्गात औषधाला निष्प्रभ करणारी आज्ञा प्रवास करते. सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीच परिणाम होत नाही. तरीही दुकानातून परस्पर गोळ्या आणणे, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेणे, बरे वाटताच क्षयाचे औषध सोडून देणे हे प्रकार सर्रास चालतात. २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या आणि क्षयाच्या औषधांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषध दुकानांवर बंधनकारक आहे. परंतु कायद्याचा हात प्रत्येक घरात पोहोचत नाही. तेथे समाजालाच पोहोचावे लागते.

वस्तीत, शाळेत, गणेशोत्सवाच्या मंडपात जेथे जेथे संपर्क आहे, तेथे तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना प्रतिजैविक घेऊ नये, घेतले तर सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे आणि आपले औषध दुसऱ्याला देऊ नये. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, निधी लागत नाही. लागते ती केवळ सातत्याची सवय. पुढच्या पिढीच्या साध्या जखमेवर, बाळंतपणात, शस्त्रक्रियेत ही औषधे उपयोगी पडणार की नाहीत, याचा निर्णय आजच्या घराघरांतील या सवयीवर अवलंबून आहे.