पंचाहत्तरीचं डिनर, दुपारी दोन वाजता

आज जेवणावर बोलायचंय. जॉर्जियात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेत, घरी वाढदिवसाचं जेवण कसं करतात ते सांगते. माझं सासर इथलं, कृष्णवर्णीय कुटुंब. सासूबाईंची नुकतीच पंचाहत्तरी झाली आणि सगळा स्वयंपाक माझ्याकडे होता.

आधी एक घोळ मिटवू. इथल्या जुन्या पिढीत डिनर म्हणजे रात्रीचं जेवण नव्हे. रविवारी चर्चहून आल्यावर दुपारी जे मोठं जेवण होतं, ते डिनर. रात्रीचं ते सपर. त्यामुळे 'दोनला डिनर' म्हटलं की दुपारचे दोन.

आमच्याकडे ज्याचा वाढदिवस त्यानं पदार्थ सांगायचे, अशी रीत आहे. सासूबाईंनी सांगितलं: फ्राइड चिकन, कॉलर्डची भाजी, मॅक अँड चीज, कॉर्नब्रेड, चवळी आणि कॅरॅमल केक. सोबत गोड थंड चहा आलाच, तो सांगावा लागत नाही. चवळी ऐकून आपल्याला घरचं वाटतं ना? तिचं मूळ आफ्रिकेत. गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर ती इथे आली.

आता खरी अडचण. या घरात चिकन कढईतून थेट ताटात जायचं. म्हणजे तळणारी बाई उभी, आणि बाकीचे जेवतायत. सासूबाईंनी पन्नास वर्षं असंच केलं. आपल्याकडे गरम पोळी वाढणाऱ्या बायकांचं जे होतं, तेच! त्यामुळे मला या वेळी चवीइतकीच वेळेची काळजी होती. मी तळत उभी राहिले असते, तर त्या मदतीला उठल्याच असत्या.

तर उलटं मोजायला सुरुवात केली. केक शुक्रवारी भाजला, शनिवारी त्यावर आयसिंग चढवलं. या केकमध्ये सगळी मेख आयसिंगची आहे. साखर, लोणी आणि डब्यातलं आटवलेलं बिनसाखरेचं दूध मंद आचेवर शिजवायचं, आपल्या गोळीबंद पाकापर्यंत. थर्मामीटर असेल तर साधारण 114 अंश सेल्सिअस. मग उतरवून घोटायचं, आणि जरा दाट झालं की भराभर पसरायचं. थांबलात तर वडी होते! तसं झालं तर चमचाभर गरम दूध घालून पुन्हा घोटा.

कॉलर्ड ही कोबीच्या कुळातली, पण गड्डा न धरणारी भाजी. पानं जाड, आणि त्यात माती असते, म्हणून तीन पाण्यांनी धुवा. मधली शीर काढा, पानं एकावर एक ठेवून गुंडाळा नि चिरा. टर्कीची धुरावलेली मान आधी तासभर उकळायची, मग त्या पाण्यात पानं तासभर शिजवायची. ही भाजी दुसऱ्या दिवशी जास्त छान लागते, म्हणून शनिवारीच केली. आणि हो, शाकाहारी मंडळींना आधीच सांगा. इथे 'भाजी' म्हणून जे वाढतात त्यात बहुतेकदा मांस असतं. मी एक छोटं पातेलं वेगळं केलं होतं, नुसता कांदा, लसूण आणि स्मोक्ड पाप्रिका घालून.

चिकन शनिवारी रात्रीच बटरमिल्कमध्ये बुडवून फ्रिजमध्ये ठेवलं. इथलं बटरमिल्क म्हणजे आपलं पातळ ताक नव्हे. ते दाट आणि आंबट असतं. नाही मिळालं तर दही थोडं पातळ करून घ्या. त्यात मीठ, मिरपूड, लाल तिखट. तळायच्या आधी मैद्यात घोळवून वीसेक मिनिटं जाळीवर ठेवायचं, म्हणजे आवरण सुटत नाही. बिडाचं जाड तळाचं पॅन, तुकडे निम्मे बुडतील इतकंच तेल, तापमान 165 ते 175 अंश. गर्दी करायची नाही. मांसाच्या आत 74 अंश भरले की झालं.

आम्ही बारा जण, चिकन तीन. दोन पॅनमध्येसुद्धा तासाभराचं काम. मी बारा वाजता सुरू केलं आणि एकला गॅस बंद केला. तुकडे जाळीवर मोकळे ठेवले. कागदावर ठेवू नका, खालून मऊ पडतात.

"गार झालेलं चिकन वाढणार?" असं नणंदेनं विचारलंच. पण हे चिकन गारही उत्तम लागतं, आणि त्यामागे इतिहास आहे. वंशभेदाच्या कायद्यांच्या काळात प्रवासात बऱ्याच हॉटेलांची दारं कृष्णवर्णीयांना बंद असायची. मग बुटांच्या खोक्यात घरचं फ्राइड चिकन, ब्रेड, उकडलेली अंडी, केकचा तुकडा बांधून निघायचे. सासूबाईंच्या लहानपणी त्यांच्या आईनं असे खोके भरलेत. नणंदेला मी उत्तर द्यायच्या आत त्याच म्हणाल्या, "गार असू दे."

चिकन तळताना ओव्हनमध्ये मॅक अँड चीज होतं, ते बाहेर येऊन आळायला ठेवलं. मग ओव्हन 220 वर नेला आणि दीडला कॉर्नब्रेड आत. तुपासारखी चरबी घालून तापवलेल्या पॅनमध्येच पीठ ओतायचं, चर्र आवाज यायला हवा. पीठ रव्याइतकं जाडसर, पांढऱ्या मक्याचं. साखर घालायची का, यावरून इथे भांडणं होतात. आमच्या घरी नाही.

दोनला बाराच्या बारा जण टेबलाशी होतो. सासूबाई मधल्या खुर्चीत. दोनदा उठायला गेल्या, दोनदा नातवानं बसवलं. चिकनबद्दल काही बोलल्या नाहीत, पण मांडीचे दोन तुकडे घेतले. भाजीत मीठ कमी आहे एवढं मात्र सांगितलं.

कॉलर्डचं उरलेलं पाणी फेकू नका हं. त्याला पॉट लिकर म्हणतात. संध्याकाळी सपरला त्यात कॉर्नब्रेड कुस्करून खाल्ला, अगदी आमटीत भाकरी कुस्करतो तसा.