आभाळांतील कोठार आणि त्याचें भाडें



‘क्लाउड’ म्हणजे ढग. परंतु व्यापाऱ्याची माहिती कांहीं आभाळांत जाऊन बसत नाहीं. ती दुसऱ्याच्या इमारतींत, दुसऱ्याच्या यंत्रांवर राहते, आणि आपण त्या जागेचें दरमहा भाडें भरतों. अमेझॉन कंपनीनें २००६ सालीं ‘एस-३’ या नांवाचें असें कोठार सर्वांस खुलें केलें. मुंबईंत तिचें केंद्र २०१६ सालीं निघालें. घरचें कपाट भरलें कीं दार लागत नाहीं आणि मनुष्य निमूटपणें आवराआवरीस लागतो. या कोठाराचें दार मात्र कधींच अडत नाहीं. फुगत जातें तें बिल.

हें बिल तीन गोष्टींनीं बनतें: जागेचें भाडें, ठेवण्या-काढण्याच्या प्रत्येक मागणीची आकारणी, आणि माहिती बाहेर नेण्याचा खर्च. नमुन्यादाखल अमेरिकेच्या पूर्व भागांतील अमेझॉनचे २०२४ सालचे दर घेऊं. नित्य वापराच्या वर्गांत एका गिगाबाइटास महिना २.३ सेंट पडतात. ‘डीप आर्काइव्ह’ या तळघरवजा वर्गांत ०.१ सेंटाहून किंचित् कमी. म्हणजे १०,००० गिगाबाइटांस एकीकडे २३० डॉलर, तर दुसरीकडे सुमारें १०.

हें पाहून सर्वच माल तळघरांत लोटण्याचा मोह होतो, आणि तेथेंच फसगत होते. तळघरांतील वस्तु हातीं येण्यास बारा तासांपर्यंत, क्वचित् अधिकही, वेळ लागतो. काढण्याचे पैसे निराळे. आणि १८० दिवसांच्या आंत ती पुसली तरी उरल्या दिवसांचें भाडें चुकत नाहीं. शिवाय ती इंटरनेटवरून बाहेर आणावयाची, तर महिन्याचे पहिले १०० गिगाबाइट सोडून पुढें गिगाबाइटास ९ सेंट, म्हणजे नित्य वर्गाचें जवळजवळ चार महिन्यांचें भाडें!

म्हणून आरंभ अडगळीपासून करावा. ‘व्हर्जनिंग’ची सोय चालू असली, तर फाइल बदलली किंवा पुसली तरी तिची जुनी प्रत मागें राहते आणि भाडें खाते. मोठी फाइल चढवितांना काम मध्येंच तुटलें, तर चढलेले तुकडे नेहमींच्या यादींत दिसत नाहींत. बिलांत मात्र मोजले जातात. अशी अडगळ ठराविक दिवसांनीं आपोआप निघावी, असा नियम कोठाराच्या व्यवस्थेंतच घालतां येतो.

नंतर उरलेल्या मालाची वर्गवारी करावी. समजा, एखादा लग्नाचीं छायाचित्रें काढणारा व्यावसायिक आहे. यंदाच्या लग्नसराईचीं चित्रें गिऱ्हाइकें रोज मागतात. तीं नित्य वर्गांतच शोभतात. पांच वर्षांपूर्वींचीं मूळ चित्रें क्वचितच कोणी मागेल. त्यांस तळघर योग्य. पसंतीस न उतरलेल्या हजारों चित्रांस मात्र कोठेंच जागा नको.

परंतु पुसण्याच्या उत्साहांत एक विवेक हवा. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणें कंपनीस आपल्या हिशेबाचीं पुस्तकें किमान आठ आर्थिक वर्षें जपावीं लागतात. चार डॉलर वांचविण्यासाठीं असा कागद गमावणें म्हणजे भाडें वांचवून घर घालविणें होय.

यास्तव हें काम सर्वस्वीं यंत्रज्ञावर सोंपवून भागत नाहीं. नियम तो घालील. पण कोणती वस्तु किती वर्षें जपावयाची, हें धंद्याच्या धन्यानेंच ठरविलें पाहिजे. वर्षांतून एकदां, दिवाळीपूर्वीं माळा झाडतों त्याच सुमारास, त्यानें हें कोठारही उघडून पाहावें.