कापडी फलकावरील जांभूळवृक्ष
(बालपाठशाळेच्या शिक्षिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



वाशिम जिल्ह्याला धर्मशिक्षणाची थोर परंपरा लाभली आहे. कारंजा येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रमाची स्थापना झाली आणि शिक्षण व संस्कार यांचा संगम या भूमीने पाहिला. परंतु गुरुकुलातील विद्यार्थी वाचू-लिहू शकणारा असतो. पाठशाळेत येणारे तीन ते सहा वर्षांचे बालक अक्षरांआधी वस्तू ओळखते. त्याला लेश्येची व्याख्या पाठ करविता येते, पण ती त्याच्या अंतःकरणात उतरत नाही. त्याच्या हाताला काम दिले, तर मात्र अर्थ आपोआप उतरतो.

पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. बिया, पाने, शंख-शिंपले अशा परिसरातील वस्तूंतून त्यांनी शैक्षणिक साधने उभी केली. महागड्या साधनांवाचून बालशिक्षण अडत नाही, हा त्या कार्याचा धडा आहे. घरी तयार होणारा फलालिनीचा कथाफलक याच जातीचा आहे.

बाळाच्या झबल्या-टोपऱ्यांसाठी वापरले जाणारे लवदार सुती फलालीन घ्यावे. ६० × ९० सेंटिमीटरच्या प्लायवूडवर किंवा जाड पुठ्ठ्यावर ७० × १०० सेंटिमीटरचे कापड ताणून बसवावे व कडा मागे दुमडून पक्क्या कराव्यात. रंग बदामी असावा, म्हणजे काळी-पांढरी दोन्ही चित्रे उठून दिसतात. चित्रेही फलालिनीचीच कापावीत. दोन्ही कापडांची लव एकमेकींत गुंतते आणि चित्र टाचणीवाचून चिकटून राहते. फलक किंचित मागे झुकता ठेवावा व पंखा बंद करावा. चित्रे गळू लागल्यास कापडावरून ब्रश फिरवावा, लव पुन्हा उभी राहते.

कागदी चित्र वापरायचे असेल, तर त्याच्या पाठीला फलालिनीचा तुकडा दोऱ्याने शिवावा. सरस प्राणिज असतो आणि काही पॉलिश कागदांतही तो वापरलेला असतो. पिठाच्या खळीला कीड लागते. अहिंसेची कथा सांगणाऱ्या साधनात तरी हा विवेक पाळला जावा.

या फलकासाठी षट्लेश्येची कथा सर्वांत योग्य. आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांच्या गोम्मटसारात आलेला फलभारित वृक्षाचा व सहा पथिकांचा हा दृष्टांत अनेक मंदिरांत चित्ररूपाने दिसतो. मात्र भिंतीवरील वृक्ष अचल असतो, फलकावरील वृक्ष बालकाच्या हाताने मोडतो व पुन्हा उभा राहतो. त्यासाठी मूळ १, खोड १, मोठ्या फांद्या २, पानांच्या डहाळ्या ४, जांभळांचे घोस ४, जमिनीवर पडलेली फळे ६ आणि पथिक ६, असे २४ तुकडे करावेत.

भूक सर्वांची एकच. पहिला पथिक वृक्ष मुळासकट उपटू इच्छितो. बालकाने वृक्षाचे सर्व तुकडे काढावेत, फलक ओस पडतो. वृक्ष पुन्हा मांडावा. दुसऱ्याच्या इच्छेने केवळ मूळ उरते, तिसऱ्याच्या इच्छेने खोड, चौथ्याच्या इच्छेने उघड्या फांद्या. पाचवा घोस तोडतो, पाने राहतात. सहावा पडलेली फळे वेचतो आणि वृक्ष अबाधित राहतो. “झाड नोको तोडू!” असे एखादे बालक आपल्या वऱ्हाडी बोलीत म्हणाले, की कृष्ण आणि शुक्ल लेश्येतील अंतर त्याला कळले असे समजावे. तेथे शिक्षिकेने तात्पर्य सांगण्याची घाई करू नये.

दोन पथ्ये आवश्यक आहेत. कृष्ण, नील, कापोत, पीत, पद्म आणि शुक्ल हे रंग पथिकांच्या उपरण्यांना द्यावेत, चेहऱ्यांना नव्हे. सर्वांचे चेहरे एकाच वर्णाचे असावेत. या कथेतील लेश्या हा भावांचा रंग आहे, कातडीचा नव्हे. सावळ्या बालकाच्या मनात त्याच्या वर्णाविषयी कमीपणा रुजला, तर कथेनेच हिंसा केली असे होईल. दुसरे पथ्य असे की, तीर्थंकरांचे चित्र या फलकावर लावू नये. लहान हातांतून ते सुटून पायदळी येण्याचा व अविनय घडण्याचा संभव असतो.

कथा संपल्यावर फलक भिंतीवर उंच टांगून न ठेवता बालकांच्या हाताला येईल असा ठेवावा. एक तुकडा हरवेल, एखादी फांदी उलटी लागेल. तरीही कथा बालकालाच सांगू द्यावी. आजच्या मुलांपुढे भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्रे अखंड धावत असतात, पण ती पाहणाऱ्यासाठी थांबत नाहीत. फलकावरील वृक्ष मात्र बालकाच्या निर्णयाची वाट पाहतो. तो तोडावा की राखावा, हा प्रश्न ज्याने चौथ्या वर्षी स्वतःच्या बोटांनी सोडविला, त्याला पुढे लेश्येची व्याख्या परकी वाटणार नाही.

जय जिनेंद्र!